शनिवारची तालीम

कोरोनामुळे शाळा बंद झाली तेव्हा आमचं नाटक पंधरा दिवसांवर आलं होतं. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका शाळेत मी नाटक शिकवायची. मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "यंदा नाटक राहू द्या मॅडम. तुमचा तास गणिताला देतेय." मी निदान ऑनलाइन तालमीसाठी शनिवारची सकाळ मागितली. "मुलं आली तर घ्या," त्या म्हणाल्या. मुलं येणार नाहीत, अशी त्यांची खात्री दिसली.

बारापैकी सात आली. पण स्क्रीनवर सगळ्यांची वाक्यं एकमेकांवर आदळायची. म्हणून मी नाटकच नवं लिहिलं. पुरात गावाचा रस्ता वाहून गेलाय, सहा माणसं आपापल्या घरात अडकलीत, ती एकमेकांना पत्रं लिहितात आणि एक म्हातारा पोस्टमन ती पोचवतो. पोस्टमन होती आठवीतली एक मुलगी. वर्षभरापूर्वी नागपूरहून आलेली, आईवडील दोघंही आयटीत. तालीम इंग्रजीत चालायची, पण संपली की ती मागे थांबून माझ्याशी मराठीत बोलायची. मी बंगळूरातच वाढलेली. थोडं म्हणायच्या ऐवजी कानडी वळणानं "स्वल्प थांब गं" म्हटलं की तिला हसू फुटायचं.

कुणाचा फोन वडिलांकडे, कुणी गावी गेलेलं, असं करत वर्ष रखडलं. दुसरी लाट आली तेव्हा दोन मुलांच्या घरी आजारपण होतं. तरी मी तालीम थांबवली नाही. मुलांना नाटकाचा आधार आहे, असं मी पालकांना सांगायची. आधाराची गरज मुलांपेक्षा मलाच जास्त होती, हे तेव्हा कबूल केलं नसतं.

त्या शनिवारी पोस्टमनचा चौकोन काळा होता.

"कॅमेरा लाव," मी म्हटलं.

"नेट स्लो आहे, मॅम."

शेवटच्या प्रवेशात पोस्टमन एका दारात पत्र घेऊन उभा राहतो आणि कळतं, की आतलं माणूस आता नाही. पोस्टमनचं तिथलं वाक्य तिनं अगदी सपाट म्हटलं.

"पत्र कुणासाठी आणलंय हे पोस्टमनला माहीत आहे. ते आवाजात येऊ दे. परत."

तिनं परत म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग बाकीच्यांसमोर म्हणाले, "आज तुझं लक्ष नाही."

"सॉरी, मॅम," ती म्हणाली.

दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. खोकत, थांबत थांबत बोलत होते. "मॅडम, तिची आई आज पहाटे गेली, हॉस्पिटलातच. मी पॉझिटिव्ह आहे, खोलीबाहेर येता येत नाही. पोरगी सकाळपासून स्वयंपाकघरात एकटी बसून आहे. इथं आमचं कोणी नाही. तुम्ही मराठी बोलता, म्हणून..."

मी वरण-भाताचा डबा भरला आणि बनशंकरीतल्या माझ्या घरून स्कूटर काढली. वाटेत पोलिसानं अडवलं. एका घरी मृत्यू झालाय म्हटल्यावर त्यानं ओळखपत्रसुद्धा पाहिलं नाही. "सरी, होगी अक्का," बरं, जा ताई, म्हणाला आणि बॅरिकेड सरकवलं.

तिनं आतलं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं. डबा मी उंबऱ्याशी ठेवला आणि पॅसेजमध्ये जमिनीवर बसले. ती आतल्या बाजूला बसली. अंत्यसंस्काराला वडिलांच्या ऑफिसमधले दोघं गेले होते. तिला फोनवर एक फोटो आला होता, पांढऱ्या पिशवीचा.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तालीम बंद केली असती," ती म्हणाली. "मग मी काय केलं असतं?"

मी माफी मागितली. डब्यात वरण-भात आहे, म्हणाले. तिनं विचारलं, "वरणात हिंग आहे का? बाबांना वास येत नाही, पण ते विचारतील."

संध्याकाळपर्यंत मी तिथं होते. जाळीच्या आत हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

वडील बरे झाले आणि महिन्याभरात दोघं नागपूरला परतले. नाटक आम्ही केलं. पोस्टमनची वाक्यं मी वाचली. तो शेवटचा प्रवेश मात्र काढून टाकला, मुलांनी कारण विचारलं नाही. पालकांनी आपापल्या चौकोनांत टाळ्या वाजवल्या, माइक बंद असल्यामुळे नुसते हात हलताना दिसले.

मी नागपूरला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा वडील हळूच म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं नाव स्क्रीनवर आलं की ती उठून आत जाते."

त्यानंतर मी फोन केला नाही. शाळा उघडल्यावर नाटकाचा तास परत मिळवला, पंधरवड्यातून एक. पहिल्या दिवशी चार मुलं आली. त्यांना वर्तुळात उभं केलं आणि मास्कमधून ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं श्वास सोडायला सांगितलं.