महाराष्ट्रात जायचं राहूनच गेलं

दुबईला निघाले त्या दिवशी बेळगावात मतदान होतं. विमान गोव्याहून, गाडी दारात उभी. माझे वडील, आप्पा, म्हणाले, "आधी मत घालून ये, मगच बस गाडीत." बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग पाहिला होता. आमच्या गल्लीत मत म्हणजे एकीकरणालाच. दुसरा विचार कुणाच्या मनात येत नसे. बोटाची शाई वाळायच्या आत मी गाव सोडलं.

इथे दुबईत, अल बर्शात, आमच्या शेजारी धारवाडच्या कानडी सुनंदाक्का राहतात. मुलीला ताप आला की ऑफिसातून मी त्यांनाच फोन करते. गणपतीत पुण्या-मुंबईची मंडळी भेटली की विचारतात, "बेळगाव? म्हणजे कर्नाटकातलेच ना तुम्ही?" सुरुवातीला मी तावातावाने सगळा इतिहास सांगायचे. आता "हो" म्हणते आणि प्रसाद घेते.

गेल्या निवडणुकीला मुद्दाम रजा काढून गेले. आप्पा फार थकलेत. एकीकरणवाल्यांचे दोन गट, दोन उमेदवार, एकमेकांविरुद्धच उभे. धाकटा भाऊ संजय आम्हाला केंद्रावर घेऊन गेला. परतताना गाडी चालवता चालवताच म्हणाला, "आप्पा, मी आपल्या दोघांपैकी कुणालाच मत नाही घातलं. माझी पोरं कन्नड शिकतायत, इथंच नोकरी मागणार. रस्ता, पाणी कोण देतंय, ते बघून घातलं."

मला वाटलं, आप्पा आता गाडीतून उतरतील. पण घरी आल्यावर मला म्हणाले, "त्याचं काय चुकलं गं? इतकी वर्षं वाट बघितली, आम्हाला न्यायला कुणी आलंच नाही."

दोन्ही उमेदवार पडले. निकालाच्या दिवशी आप्पांनी टीव्ही लावलाच नाही, असं संजयने फोनवर सांगितलं.

परवा मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं, "मम्मा, व्हिच स्टेट आर वी फ्रॉम?" मी "कर्नाटक" म्हणाले. जीभ अडखळली नाही, याचंच वाईट वाटलं.

इथे मत नाही. व्हिसा संपला की खलास, हे येतानाच ठाऊक होतं. तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुमचं मला माहीत नाही. माझा महाराष्ट्र आता आप्पांच्या खोलीएवढा उरलाय. ते गेले की सुट्टीत मी भावाकडे जाईन. घरी नाही.