जगन टेलर आणि सावलीचा दंड

वेल्ह्याच्या बाजारात बाजीरावांचा एक ओटा होता. वर पत्रा, तोही दोन ठिकाणी गळका, आणि एका बाजूला कुडाची भिंत. एवढ्या ऐवजावर हा माणूस स्वतःला मालक म्हणवून घेई आणि कचेरीत कामाला आलेल्या लोकांना थांबवून आपल्या ‘बाजारातल्या मिळकती’विषयी सांगत बसे. मिळकत कसली? पावसाळ्यात तिथं कुत्रंसुद्धा बसत नसे. जगन मात्र बसला, शिवणाचं मशीन घेऊन.

जगन जवळच्याच वाडीतला. पुण्यात एका कपडेवाल्याकडे राबून शिवण शिकला आणि सन साठ-एकसष्टच्या सुमारास गावाकडे परतला. त्याआधीच घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता आणि गावकीची कामं सोडली होती. त्याच्या बापाची, गेनूची, हयात मात्र त्याच कामांत गेली होती. कुणाकडे मयत झालं की गेनूनं काठी उचलायची आणि डोंगर तुडवत पाहुण्यांच्या गावी सांगावा पोचवायचा. बदल्यात शिळी भाकरी मिळायची, तीही वरून टाकलेली. जगनला त्या भाकरीची चीड होती. शर्टाची कॉलर तो अशी बसवायचा, की कचेरीतले कारकून पुण्याचा टेलर विसरले.

त्या वर्षी ज्येष्ठापासूनच पाऊस असा कोसळला, की बाजारच बसेना. माणसं भातलावणीत, कपडे शिवतो कोण? जगनचं दोन महिन्यांचं भाडं थकलं. श्रावण लागताच त्यानं सगळं एकदम आणून बाजीरावांपुढे ठेवलं. मी समोरच राहायचो, त्यामुळे पुढचा तमाशा मला घरबसल्या दिसला.

“ह्ये भाडं झालं,” बाजीराव म्हणाले. “उशिराचा दंड कुठाय? आन सावलीचं?”

“कसली सावली?”

“पत्र्याची. दोन म्हयने फुकट सावलीला बसलास न्हवं?”

आषाढात वेल्ह्याला सूर्य दिसत नाही. तोरणा दिसत नाही, समोरचा माणूस धड दिसत नाही. आणि हा गृहस्थ सावलीचे पैसे मागत होता! मला हसू आलं आणि किळसही आली.

“ठरलंय तेवढं घ्या,” जगन शांतपणे म्हणाला. “दंड ठरला न्हवता. म्या देनार न्हाई.”

बाजीरावांनी पैसे बाजूला सारले. दंडाशिवाय भाड्याला हात लावणार नाही, अशी चारचौघांत शपथ घेतली आणि पुढच्या बाजाराच्या आत ओटा रिकामा करायला सांगितलं. ओटा गेला असता तर जगनला मशीन ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्याला कुणी आपली जागा द्यायला राजी नव्हतं, हे बाजीरावांना पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी बाजीरावांची चुलती ठकुबाई वारली. पावसानं एसटी बंद. पाहुणे खिंडीपलीकडच्या वाड्यांत. घरात धडधाकट पुतणे होते, पण पावसात भिजायला एकही तयार नव्हता. बाजीराव छत्री घेऊन ओट्यापाशी आले.

“जगन्या, दंड पैशात नगं. सांगावा घिऊन जा, समदं फिटलं. तुझा बाप जायचाच की.”

“मयत तुमचं हाय, तुमी जावा,” जगन म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

म्हातारा गेनू मागं बसून काजं-बटणं करत होता. थोड्या वेळानं जगननं मागं पाहिलं तर गेनू नव्हता, कोपऱ्यातली काठी नव्हती, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलंही नव्हतं. पोराचा ओटा वाचावा म्हणून म्हातारा गुपचूप खिंडीच्या वाटेला लागला होता. संध्याकाळी तो थंडीनं काकडत, गुडघा धरत परतला. जगन त्याच्यावर ओरडला आणि मग त्याचे पाय शेकत बसला.

बाजीराव बाजारभर सांगत सुटले, “बापानं दंड फेडला. आता भाडं आना.” म्हणजे शपथही पाळली गेली, असा त्यांचा हिशेब.

जगननं भाडं हातात दिलं नाही. त्यानं पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली. बाजाराच्या दिवशी पोस्टमन सावळारामनं ती भर गर्दीत बाजीरावांपुढे धरली आणि खालचा मजकूर मोठ्यानं वाचला: “दोन महिन्यांचं भाडं. त्यातून गेनू यांची सांगावा पोचवल्याची एक दिवसाची मजुरी वजा.”

“मजुरी?” बाजीराव कडाडले. “त्यो दंड व्हता!”

“घेताय का परत पाठवू?” सावळारामनं विचारलं. “न्हाई घेतली तर नाकारली म्हनून लिवावं लागंल.”

लोक थांबून बघत होते. बाजीरावांनी लोकांकडे पाहिलं, मग नोटांकडे पाहिलं. मानापमानाच्या गप्पा मारणाऱ्या या माणसाची नजर नोटांवरून हलेना. शेवटी दंडाशिवाय भाडं न घेण्याची शपथ मोडून हात पुढं आला. मजुरी वजा केलेल्या भाड्याची पोच सही करून दिली त्यांनी, आणि नोटा कनवटीला लावल्या. ओटा रिकामा करण्याची भाषा पुन्हा कधी त्यांच्या तोंडून निघाली नाही.

वजा केलेले पैसे जगननं बापाच्या हातावर ठेवले.

“ह्ये कशाचं?” गेनूनं विचारलं.

“तुमच्या चालन्याचं.”

“चालन्याचं पैसं आस्त्यात व्हय?” म्हातारा नोट उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, “मंग आजवर चाललो त्याचं रं?”

जगन उठला. बापाकडे पाठ करून उगाच मशीनला तेल घालत राहिला.