पत्र्यावर भाजलेलं बी

हालप्पाला घाई नाही असा एक दिवस निंबव्वाला आठवत नव्हता. राणेबेन्नूरजवळच्या त्या गावात ती लग्न होऊन आली, तेव्हापासून हा थोरला दीर जेवायलासुद्धा नीट मांडी घालून बसत नसे. नवरा वारल्यावर टोमॅटोच्या बियाण्याचं सगळं काम तिनं अंगावर घेतलं. मोठेपणा तेवढा हालप्पाकडे राहिला. नऊ हंगामांत तिचं बी कंपनीनं एकदाही परत धाडलं नव्हतं. कंपनीशी करार मात्र त्याच्याच नावाचा.

त्या चैत्रात माल दुप्पट आला, म्हणून अर्धं बी मीच सुकवतो असं हालप्पा म्हणाला. निंबव्वानं आपलं धुतलेलं बी कडुनिंबाखाली, बाजेवर ताणलेल्या जाळीवर घातलं, खालूनवरून वारा लागेल असं. थोड्या थोड्या वेळानं ती हातानं ते परतायची. हालप्पानं आपलं ओलं बी भर दुपारी छपराच्या पत्र्यावर पसरलं. त्या पत्र्यावर भाकरी भाजून निघाली असती.

संध्याकाळी पिशवीचं तोंड बांधून साहेब मोकळे.

"निंबव्वा, तुझं अजून सावलीत लोळतंय. माझं बघ, कसं खुळखुळतंय."

"खुळखुळणारच, भावजी. भाजलेले शेंगदाणेपण खुळखुळतात."

तो हसला. घर एक, तर पिशवीही एकच जाईल, असं त्यानं जाहीर केलं. कंपनीत एका पिशवीतला एकच नमुना तपासला जातो. उगवण कमी निघाली की कंपनी सगळंच बी जाळून टाकते, आणि पुढच्या वर्षी लावायला कंपनीचं मूळ बियाणं मिळत नाही. याच्या अर्ध्या दिवसाच्या शहाणपणापायी तिचं वर्ष बुडायचं होतं.

निंबव्वा वाद घालत बसली नाही. दोन्हींतलं शंभर-शंभर बी ओल्या फडक्यांत गुंडाळून तिनं गाडग्यात ठेवलं. आठव्या दिवशी, कंपनीची गाडी येण्याआधी, हालप्पासमोरच फडकी उलगडली. तिच्या फडक्यात ब्याण्णव कोंभ. त्याच्या फडक्यात अठरा, तेही वाकडे. बाकीचं बी बुळबुळीत.

हालप्पानं पाण्याला नावं ठेवली, गाडग्याला ठेवली, मग कंपनीच्या मूळ बियाण्याला. पत्र्याचं नाव काही निघेना.

"ओलं बी तापलं की आतला जीव शिजतो, भावजी. दोन पिशव्या जातील, माझी माझ्या नावानं. नाहीतर हे फडकं मी गाडीपाशी उघडते."

वेशीत हॉर्न वाजला. "कर दोन," तो पुटपुटला, आणि स्वतःची पिशवी उचलून उकिरड्याकडे पळाला. त्याची घाई जन्मात पहिल्यांदा कामी आली.

निंबव्वाची पिशवी तिच्या नावानं गेली आणि पास झाली.

पुढच्या वर्षी हालप्पानंही कडुनिंबाखाली जाळी अंथरली, आणि ही युक्ती आपल्यालाच सुचली असं गावभर सांगितलं. जाळी त्यानं थेट जमिनीवर अंथरली होती. खालून वारा कुठून लागणार, हे निंबव्वाला दिसत होतं. तिनं आपलं बी परतलं आणि चहा ठेवायला आत गेली.