अकरा फोटो

मोटारींच्या शर्यतींचं वेड मला नवव्या वर्षी लागलं आणि सिनेमाच्या पुरस्कार सोहळ्यांची चीड साधारण चाळिशीत आली. दोन्ही अजून टिकून आहेत. शर्यतीत कोण जिंकलं ते घड्याळ सांगतं. सोहळ्यात ते पाकिटात असतं, आणि पाकीट उघडायच्या आधी उघडणारा पाच मिनिटं विनोद करतो. महाविद्यालयात तीस वर्षं शिकवताना मी इतके सत्कार पाहिले, की शाल आणि नारळ एका ताटात दिसले तरी मला जांभई येते. हे सगळं मी अमरावतीत अनेकांना ऐकवलं आहे. ऐकवताना बरं वाटायचं. आता वाटत नाही.

माझी मोठी बहीण अकोल्याला राहते. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि मी निवृत्त झालो तरी मला बाबूच म्हणते. सोहळे तिला फार आवडतात. दरवर्षी ती वहीत आधीच लिहून ठेवते की कुणाला काय मिळेल, आणि मला फोन करून माझाही अंदाज विचारते. मी नावं न वाचताच "तिसरा" म्हणतो. ती तेही लिहून घेते.

शर्यतींचं वेडही तिनंच लावलं. मी नऊ वर्षांचा असताना अकोल्यात एका मैदानावर मोटारसायकलींची शर्यत झाली. घरातून एकट्याला कोण सोडणार? ताईच्या मैत्रिणी त्या दुपारी सिनेमाला गेल्या. ती मला घेऊन मैदानावर आली. काळ्या मातीचा धुरळा असा उडत होता, की ओढणी नाकाला बांधूनही तिचे डोळे लाल झाले. मला फक्त गाड्या दिसत होत्या, फेऱ्यांचा हिशेब कळत नव्हता. म्हणून तिनं एका मुठीत चिंचोके घेतले आणि प्रत्येक फेरीला एक चिंचोका दुसऱ्या मुठीत टाकत राहिली. मी दर मिनिटाला विचारायचो, "किती झाल्या?" तिला त्या गाड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण तिचा आकडा एकदाही चुकला नाही.

सिनेमाला गेलेल्या त्या मैत्रिणींपैकी एक पुढे मुंबईला गेली आणि सिनेमात कामं करू लागली. कामं म्हणजे दार उघडण्याची. नायक घरी येतो, शेजारीण दार उघडते, "आत या, त्या आंघोळीला गेल्यात" म्हणते, संपलं. कधी नर्स, कधी काकू, कधी लग्नात मागे उभी असलेली बाई. ताई म्हणायची, "तिनं शंभर तरी दारं उघडली असतीन." खूप वर्षांपूर्वी एका सोहळ्यात कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरताना मागच्या रांगेत ती मैत्रीण ताईला क्षणभर दिसली होती. तेव्हापासून ताई सोहळे पाहते. हे मला या वर्षी कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती झगमगाट पाहते.

ती मैत्रीण मागच्या वर्षी गेली. वर्तमानपत्रात काही आलं नाही.

या वर्षी सोहळ्याच्या दोन दिवस आधी ताईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. तिचा फोन आला.

"बाबू, रविवारी येशीन का?"

"डोळा दुखतो का?"

"डोळा बरा हाये. टीव्ही दिसत नाही. त्या कार्यक्रमात वर्षभरात गेलेल्या लोकायचे फोटो दाखवतात ना? तवा नुसतं गाणं वाजते, नावं कोणी वाचत नाही. तिचा फोटो दाखवतात का, तेवढं पाह्यचं हाये."

"घरी पोरं आहेत ना."

"पोरं लग्नाले गेले. आन् तू खोटं बोलत नाही. मले तोंडावर सांगशीन."

रविवारी संध्याकाळी साडेसहाला युरोपातली शर्यत होती आणि सातला सोहळा. तरीही मी गेलो, याचं मला रेल्वेत थोडं कौतुकही वाटलं. सोबत मोबाईल होता आणि कानात घालायची एक बारीक वायर.

ताई खुर्चीत बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर वही. वाचता येत नव्हतं, तरी वही होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो, वायर उजव्या कानात घातली, मोबाईल उशीआड ठेवला. पहिला तासभर मी दोन्ही सांभाळलं. "आता कोण आलं?" ती विचारायची. मी मान वर करून सांगायचो, "कोणीतरी निळ्या साडीत आहे. पदर धरायला एक माणूस ठेवलाय." ती हसायची. मग माझं धाडस वाढलं. मी न पाहताच सांगू लागलो. निळी साडी, काळा कोट, आईचे आभार, डोळ्यांत पाणी. एकदाही चुकलो नाही. सोहळ्यांविषयीचं माझं मत किती खरं आहे, याचा मला आनंदच झाला.

शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या तेव्हा पुढच्या गाडीची चाकं झिजली होती आणि मागच्यानं नवी घालून घेतली होती. अंतर प्रत्येक फेरीला सेकंदानं कमी होत होतं. ज्याला यातलं कळतं त्याला अशा वेळी श्वास घेणंही जमत नाही. मधे केव्हातरी टीव्हीवर सारंगी वाजू लागली होती. ती मी ऐकली. ऐकलीच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

सारंगी थांबली. टाळ्या वाजल्या. ताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दाखवला?"

"हो," मी म्हणालो.

पट्टीखालून पाणी येऊ लागलं तेव्हा मीच म्हणालो, डोळ्याला चालायचं नाही. ती म्हणाली, "येऊ दे थोडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत मी मोबाईलवर तो तुकडा शोधला. मूर्तिजापूर येईपर्यंत दोनदा पाहिला. अकरा फोटो होते. तिचा नव्हता.

बडनेऱ्याला उतरून ताईला फोन केला. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "तिच्या भावाले सांगितलं मी. रडला बिचारा. तुले भेटाले येईन म्हणे." तो भाऊ भातकुलीला असतो, शेती करतो. मी म्हणालो, "बरं." एवढंच म्हणालो.

पंधरा दिवसांत भातकुलीच्या वाचनालयानं कार्यक्रम ठरवला. दिवंगत अभिनेत्रीला देशानं वाहिलेल्या श्रद्धांजलीनिमित्त कुटुंबाचा सत्कार. फ्लेक्सवर तिचा फोटो, आणि खाली प्रमुख वक्ते म्हणून मी, कारण तो क्षण प्रत्यक्ष पाहणारा पंचक्रोशीत मी एकटाच. ताई नव्या डोळ्यानं पहिल्या रांगेत बसली होती. प्रास्ताविक वीस मिनिटं चाललं. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि मला जांभई आली नाही.

मी तिच्या दारांविषयी बोललो. शंभर घरांची दारं उघडणाऱ्या बाईला आपण कधी आत कसं बोलावलं नाही, असं काहीसं. त्यात खोटं काही नव्हतं. सोहळ्याचा मी उल्लेख टाळला, आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात भाऊ उभा राहिला. हात जोडूनच विचारलं त्यानं.

"सर, फोटो कोणता व्हता? जवानीतला का आताचा?"

सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

"तरुणपणचा," मी म्हणालो.

"वाटलंच मले," तो म्हणाला आणि बाजूच्या माणसाकडे वळून पुन्हा म्हणाला, "तरी मी म्हनत व्हतो." आता त्याला तोच फोटो मोठा करून बैठकीत लावायचा होता.

परत येताना ऑटोत मी आणि ताई दोघंच होतो. शाल मांडीवर होती. अर्धा रस्ता गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. उशी, वायर, नवी चाकं, सारंगी. ती बाहेर पाहत होती. आता तिला लांबचं स्पष्ट दिसतं.

मग तिनं विचारलं, "किती फोटो होते?"

"अकरा."

"मोजले?"

"नंतर मोजले. चार वेळा."

"तवा मोजाचे होते," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. मैदानावर मी फेऱ्या विचारायचो तेव्हा ती आकडा सांगायची, तसंच सांगितलं तिनं.

"शर्यत कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. किती फरकानं, तेही सांगितलं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. आठवावं लागलं नाही. मग माझंच बोलणं ऐकून मला लाज वाटली.

"त्याच्या भावाला..." मी सुरुवात केली. घाईत शब्दही चुकले.

"तिच्या भावाले. त्याले तू सांगजो. मी नाही सांगणार. एकदा मीच सांगितलं, तुया भरवशावर."

"कार्यक्रम झाला, ताई. लोक जेवून गेले. आता कशाला?"

"तो फोटो लावून राहिला भिंतीवर. आल्यागेल्याले सांगून राहिला. उद्या कोणाच्या पोरानं मोबाईलवर पाह्यलं तर तो कोणाच्या तोंडाकडं पाह्यन?"

तिला अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं तेव्हा तिनं खिडकीतून एवढंच विचारलं, "कोणत्या दिवशी जाशीन?"

"रविवारी," मी म्हणालो. तो शेतातून संध्याकाळीच परत येतो.

आज रविवार आहे. साडेसहाला शर्यत आहे, आणि या मैदानावर शेवटच्या फेऱ्यांत नेहमी काहीतरी होतं. मोबाईल घरी ठेवला आहे. शाल घडी करून पिशवीत घातली, ती परत करता येईल. नारळ आम्ही खाल्ला.