टाळी वाजली की मारायचं

पंचवीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडत आलेला माणूस घाई करत नाही. हा वेल्डर तसाच होता. बोलायचा थोडं, चालायचा सावकाश, आणि त्याचा जोड हातोड्याने तोडू पाहणारे फोरमन घामाघूम व्हायचे. मानेवर ठिणग्यांचे पांढरे डाग होते, भुवया अर्ध्या जळालेल्या. बायको म्हणायची, "लग्नात तुम्हाला भुवया होत्या, एवढं मला पक्कं आठवतंय."

कारखाना एका सोमवारी उघडलाच नाही. सहा महिने तो घरात भिंतीकडे तोंड करून बसला. मग बायकोने पेपरातली जाहिरात त्याच्यापुढे धरली. मशीन विभागासाठी सुपरवायझर पाहिजे, थेट मुलाखत.

तिसऱ्या मजल्यावर एकच मोठी खोली होती. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट, आणि टेबलामागे लाल टायवाला एक तरणा साहेब. त्याने वेल्डिंगबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

"काका, आयुष्यात मोठं व्हायचंय ना?"

"काम करायचंय साहेब."

"वा! असेच चॅम्पियन लागतात. ओरिजनल सर्टिफिकेट आणलंय?"

साहेबाने हात पुढे केला आणि वेल्डरचा जीव भांड्यात पडला. कारण त्याच्या धंद्यात रीतच तशी होती. कामावर घेतलं की फोरमन तुमचा परीक्षेचा कागद स्वतःच्या कपाटात ठेवतो. कागद त्याच्याकडे आहे तोवर तुम्ही त्याचा माणूस. सोडून निघालात की तोच उठून तो हातात देतो. ज्याने कागद मागितला त्याने काम दिलं, एवढंच वेल्डरला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणीही झेरॉक्स पुढे केली असती. याने पंचवीस वर्षं जपलेला तो एकुलता एक कागद दोन्ही हातांनी दिला.

मशीन म्हणजे पाय चोळायचं मशीन निघालं. पगार नव्हताच. दारोदार फिरून विकायचं आणि विकलं तर कमिशन. रोज सकाळी चौदा माणसं गोल करून उभी राहायची. आदल्या दिवशी ज्याचं काहीच खपलं नाही त्याला मध्ये उभं करायचं. टायवाला एक टाळी वाजवायचा आणि प्रत्येकाने पुढे होऊन त्याच्या कानशिलात द्यायची.

"राग नाही, प्रेम आहे हे! मार बसला की माणूस जागा होतो," टायवाला म्हणायचा.

पहिल्या दिवशी वेल्डरला ती थट्टा वाटली. मग त्याने मधल्या माणसाचा कान लाल होताना पाहिला. तो माणूस पूर्वी शाळेत शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरला विकता येत नव्हतं, दारावरची बेल दाबून तोच आधी माफी मागायचा. तिसऱ्या आठवड्यात एका थपडेने त्याचं नाक फुटलं, तरी थपडा चालूच राहिल्या. वेल्डरची पाळी आली तेव्हा त्यानेही हात उचलला. हळूच मारली, पण मारली.

"दादा, तुमचा हात गरम असतो हो," खाली जिन्यात रक्त पुसत मास्तर म्हणाला. त्या दिवशी वेल्डरला जेवण गेलं नाही.

सोडून जायचं कुणी नाव काढलं की टायवाला नुसता सगळ्यांचे कागद ठेवलेल्या कपाटाकडे बघायचा.

मग गोदीतून फोन आला. जहाजाच्या तळाचं काम, पक्की नोकरी. उद्या दहा वाजता हाताची परीक्षा, ओरिजनल सर्टिफिकेटसकट. नाहीतर पुढचा माणूस उभाच आहे.

वेल्डर सरळ टेबलापुढे गेला. "साहेब, माझा कागद द्या."

"चार मशीन विका, घेऊन जा."

"उद्या लागतोय."

"मग आज विका!" खोलीत हशा पिकला.

कपाटाला किल्ली तशीच होती. वेल्डरने दार उघडून आत हात घातला. टायवाल्याने ते लोखंडी दार लाथेने बंद केलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दार परत उघडलं, परत लाथ बसली. वेल्डरच्या उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडे वळली होती. त्याने डाव्या हाताने टाय धरून साहेबाचं तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. रक्ताने कागद भिजले.

आणि टेबलावरूनच टायवाल्याने टाळी वाजवली.

बारा माणसं धावली. कुणी विचार केला नाही. टाळी वाजली की मारायचं एवढंच त्या हातांना शिकवलेलं होतं. ज्यांच्याबरोबर त्याने जिन्यात बिडी ओढली होती, त्यांच्या लाथा त्याच्या बरगडीत बसत होत्या. एकजण रडत रडत मारत होता. वेल्डर जमिनीवर गोळा होऊन मोडका हात पोटाशी धरून पडला.

मास्तर तेवढा हलला नव्हता. तो कपाटापाशी गेला, दोन्ही कप्पे ओढून त्याने खोलीत रिकामे केले.

"घ्या रे! आपापला घ्या!"

फरशीवर कागदांचा खच पडला. पाय थांबले. मग सगळे गुडघ्यांवर बसून, एकमेकांना कोपरं मारत आपली नावं शोधू लागले. टायवाल्याने पुन्हा टाळी वाजवली, पुन्हा वाजवली. कुणी मान वर केली नाही. वेल्डर मात्र उठला. त्याने डाव्या मुठीने टायवाल्याच्या तोंडावर ठोसे घातले, दात हलेपर्यंत, नंतरही.

"पुरे दादा! मेला तर गोदी राहिली बाजूला, तुरुंगात जाल!" मास्तरने त्याला मागे खेचलं आणि त्याचा कागद त्याच्या शर्टात खुपसला.

सकाळी हात उशीएवढा झाला होता.

"डॉक्टरकडे चला," बायको म्हणाली.

"परीक्षेनंतर. आधी वेल्डिंगच्या होल्डरला हात बांध."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"बांध म्हणतो ना."

गोदीच्या फाटकाबाहेर, दगडावर बसून, तिने जुन्या साडीच्या पट्ट्यांनी त्याची मूठ होल्डरच्या मुठीला आवळून बांधली. दर गाठीला ती स्वतःच ओठ चावत होती. तो हूं की चूं करत नव्हता.

गोदीच्या फोरमनने कागद पाहिला, मग तो हात पाहिला. "हे काय?"

"दारात सापडला. लोखंडाची पट्टी द्या, जोडतो."

त्याने तोंडावरची काच खाली ओढली. निळा जाळ पेटला. बोटांतल्या कळा खांद्यात, दातांत, डोळ्यांमागे गेल्या. पण वितळलेल्या लोखंडाची रेघ हळूहळू पुढे सरकत राहिली. शेवटच्या चार बोटांएवढ्या अंतरात ती थरथरली. फोरमनने पट्टी शिकंज्यात पकडून घण घातला. दहाव्या घावाला नेमकं तेवढंच टोक उकललं.

"जहाजाच्या तळाला तुला लावणार नाही," फोरमन म्हणाला. "तिथे एवढ्या फटीने माणसं बुडतात. वर, कठड्याच्या कामावर घेतो. मजुरी कमी. हात बरा झाल्यावर ये."

"तळाची परीक्षा परत घ्याल?"

"वर्षाने."

"येतो."

बाहेर बायको उभी राहिली. "काय झालं?"

"घेतलं. कठड्यावर."

तिने कमरेची कात्री काढून पट्ट्या कापल्या. शेवटची पट्टी सुटली, रक्त बोटांत धावलं, आणि वेल्डर फाटकासमोर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, मोठ्याने ओरडला.