रविवारी रेंगाळणारा सर्व्हर

दांडी गावच्या दीपिकाला हट्टी म्हणणारे कमी नाहीत, आणि ती आहेच हट्टी. तारापूरच्या एका औषध कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळते. तिथल्या सगळ्या फायली एकाच सर्व्हरवर असतात. तो दर रविवारी असा रेंगाळायचा, की प्रयोगशाळेतल्या स्वातीचा एक अहवाल उघडेपर्यंत तिचा चहा गार व्हायचा. अहवालाशिवाय माल गेटबाहेर जात नाही. मग खापर फुटायचं दीपिकाच्या डोक्यावर.

सर्व्हर बसवणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा भावेश सोमवारी यायचा, फायली धडाधड उघडून दाखवायचा आणि "गर्दी होत असेल मॅडम, नवा सर्व्हर घ्या" असं सांगून हात झटकायचा. शेवटी मॅनेजर कृष्णकांत साहेबांनी सुनावलं, "हे तुझ्या आवाक्यातलं नाही. सोमवारी सर्व्हर रूमची किल्ली भावेशला दे आणि तू स्टोअरला जा."

स्टोअर म्हणजे पिंपं मोजणं. एवढं जीव तोडून शिकलेलं काम असं हातचं जाणार? दीपिकाला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

"हा एक रविवार द्या, साहेब," ती म्हणाली.

रविवारी तिने केबल बदलली, अँटिव्हायरस थांबवून पाहिला, डिस्कवर जागा आहे ना ते तपासलं. काडीचा फरक पडला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती खात्याखात्यात फिरली. "सगळ्या फायली बंद करा. एक पन उघडी ठेवायची नाय!"

"कर्फ्यू लावलास काय गं?" स्वाती हसली.

"लावलाय. तू जा जेवायला."

सगळे उठून गेले. सर्व्हरकडे कुणी काही मागत नव्हतं, तरी डिस्क घाम फुटेस्तोवर राबतच होती. म्हणजे गर्दी माणसांची नव्हतीच. दीपिकाने आपोआप चालणारी कामं एकेक करून पाहिली आणि चोर सापडला. अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तपासायचं काम, दर रविवारी, सकाळपासून. ते भावेशच्या कंपनीनेच लावलं होतं.

तिने फोन लावला. भावेश दुपारच्या झोपेतून उठला होता.

"ते मुद्दाम सुट्टीच्या दिवशी लावलंय, मॅडम."

"कुणाच्या सुट्टीच्या?"

"रविवारी सगळ्यांनाच असते ना!"

दीपिकाने खिडकीबाहेर पाहिलं. गेटवर ट्रकांची रांग लागली होती. "आमची शुक्रवारी असते," ती म्हणाली. "ह्या रस्त्यावरच्या सगळ्या कारखान्यांची."

दर सोमवारी तपासायला येणाऱ्याला हे कळणार तरी कसं? आणि इथल्यांनीही त्याला कधी सांगितलं नव्हतं, जणू शुक्रवारची सुट्टी जगाला ठाऊकच आहे!

तिने तपासणी थांबवून शुक्रवारवर टाकली. जेवून आलेल्या स्वातीने अहवालावर क्लिक केलं आणि ती ओरडलीच, "अगं, उघडला पन!"

सोमवारी दीपिकाने आपणहून किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती परत सरकवली.

"राहू दे तुझ्याकडेच. आणि त्या भावेशला सांग, यापुढे रविवारी यायचं."

"सांगितलंय, साहेब," किल्ली उचलत दीपिका म्हणाली.