गुरुदत्तकाकांचे उशिरा आलेले उखाणे

गुरुदत्तकाका जन्मभर मिठाची गुळणी धरून बसलेले. गोदीतल्या कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली, तिथेही बोलले असतील तर फायलींशीच. लग्नात उखाण्यासाठी सगळे मागे लागले, तेव्हा "येत नाही" म्हणून मोकळे झाले. वासंतीकाकूंनी हे मला शंभरदा तरी ऐकवलंय. गिरगावात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ऐकणं भाग.

सत्तरी उलटली आणि काकांचा उजवा हात कापू लागला, पावलं अडू लागली. पार्किन्सन्स. डॉक्टरांकडे काकूंबरोबर मीच गेले. मेंदूचा फोटो दाखवून डॉक्टर म्हणाले, वयानुसार मेंदू थोडा आक्रसलाय, पण खरी अडचण आत खोलवर, एका चिमुकल्या काळसर भागात आहे. तिथे तयार होणारं डोपामिन नावाचं रसायन आटलंय.

"एवढा मोठा मेंदू, आणि अडलंय वालाच्या दाण्यापाशी?" काकू म्हणाल्या.

डोपामिनचं काम करणारी गोळी सुरू झाली. आधी पावलं सुटली, मग जीभ. एका सकाळी चहाची वाट बघत काका म्हणाले, "ठाकूरद्वारच्या नाक्यावर सिग्नल पडला लाल, वासंतीला राग आला की दोन्ही फुगतात गाल."

काकूंच्या हातून गाळणंच पडलं. त्यानंतर रोज नवा उखाणा. कॅलेंडरच्या पाठीवर, औषधांच्या खोक्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे. अडुसष्टाव्या वर्षी काकू नव्या नवरीसारख्या लाजायच्या. मी म्हणायचे, काय बाई हे काका, उगवले ते इतक्या उशिरा!

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "या गोळीने काहींना एखादं खूळ लागतं. ह्यांना काही?"

"नाही," काकू म्हणाल्या. मीही गप्प बसले. चुकलंच आमचं, पण काकूंचा राग मला तेव्हा आला नाही आणि आजही येत नाही.

पुढे काका अंघोळ विसरायला लागले. समोर ताट निवून जायचं. यमक जुळलं नाही की कपाळ बडवून घ्यायचे. वजन चार किलोंनी उतरलं. मग मात्र काकूंनी आपणहून डॉक्टरांना सगळं सांगितलं. निघताना विचारलं, "ते उखाणे ह्यांचे होते की गोळीचे?"

"खरं सांगू? मलाही ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले.

गोळी हळूहळू कमी केली. हात पुन्हा कापू लागला आणि उखाणे थांबले. काकू अजूनही चहा गाळताना क्षणभर थांबतात. काका बशीत फुंकर घालत बसतात.

परवा ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मी तिथेच होते. म्हणाले, "आता बरं वाटतंय गं. डोक्यात नुसती चक्की चालू होती. छळ होता नुसता."

"सुटलात हो," म्हणत काकूंनी त्यांना आणखी भात वाढला. नंतर माझ्या घरी आल्या, दार लोटलं आणि रडू लागल्या.

"त्यांचा छळ चालला होता गं," त्या म्हणाल्या, "आणि मी अख्ख्या जन्मात तेवढी सुखी कधीच नव्हते."